वधूमायची खोली

सगळं दाखवून झाल्यावर कार्यालयाचा व्यवस्थापक कल्लप्पा यानं मागच्या अंगाचं एक दार खांद्यानं ढकललं आणि जरा फुशारकीनंच म्हणाला, "आणि ही वधूमायची खोली बगा." वच्छला उंबऱ्यातच थबकली. तोवर तिनं मोठं दालन पाहिलं होतं, बोहल्याची जागा पाहिली होती, शंभर पानं एका पंगतीला बसतील एवढी पडवी पाहिली होती, आणि लेकीच्या लग्नाचं कार्यालय बघायला आलेल्या कुठल्याही आईसारखी मनातल्या मनात माणसं बसवून, उठवून, जेवू घालून मोकळी झाली होती. त्या सगळ्या माणसांत आपण स्वतः कुठं आहोत हे तिनं पाहिलं नव्हतं. ते आता कल्लप्पानं दाखवलं. खोली कसली, जरा मोठा कोनाडाच. खिडकी नाही, वर हातभर झरोका. एका भिंतीशी पातेली उपडी घातलेली, दुसरीशी सतरंज्यांच्या गुंडाळ्या, जुन्या चुन्याचा आणि रॉकेलचा वास. मधोमध पाटावर डालड्याचा रिकामा डबा, त्याला बाहेरून गेरू फासलेला, आणि डब्यात तुळस. "काही लोकांत मुलीची आई लग्न लागताना समोर चालत न्हाई की," कल्लप्पा म्हणाला. "घरी मांडव असला तर मागं परसात तुळस असतीच. कार्यालयात बायकांची पंचाईत हुती. म्हणून मी सोय केली. सोलापुरात दुसऱ्या कुठल्या कार्यालयात ही सोय दाखवा तुम्ही. लाउडस्पीकर हितं बरोबर ऐकू येतो. शेवटचं मंगलाष्टक झालं की कळतंय, मग पाणी घालायचं." वच्छलाचा नवरा जोतीराम खूश झाला. "वा, म्हणजे विचार केलाय तुम्ही," तो म्हणाला. वच्छलानं वाकून डब्यातल्या मातीला बोट लावलं. माती दगड झाली होती. "हिला रोज पाणी कोण घालतं?" तिनं विचारलं. कल्लप्पाला प्रश्नच कळला नाही. "रोज कशाला? सीझनमधी लग्न असतंयच की," तो म्हणाला.

परत येताना रिक्षात जोतीराम आचाऱ्याबद्दल बोलला, बँडबद्दल बोलला, साखरेचं परमिट कुणाच्या ओळखीनं मिळेल ते बोलला. तो जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होता आणि लग्नही त्यानं फाइलीसारखंच बांधायला घेतलं होतं. वच्छला हं हं करत होती. गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, रस्ता सायकलींनी भरून गेला, तरी तिच्या नाकात तो चुना बसला तो बसलाच. तसं पाहिलं तर नवीन काय घडलं होतं? नलवड्यांच्या घरात मुलीची आई लग्न पाहत नाही, मागं तुळशीला पाणी घालते, हे तिला पंचवीस वर्षं ठाऊक होतं. तीन नणंदांच्या लग्नांत तिनं स्वतःच्या हातानं सासूबाईंना पाण्याची कळशी भरून दिली होती. पण ते ठाऊक असणं असं होतं, जसं तिच्या चौथीच्या वर्गातल्या पोरांना सीना नदी ठाऊक असते. नकाशावर निळी रेघ, बोट फिरवलं की संपली. आज ती नदीच्या काठावर उभी राहिली होती. कमल तिची एकुलती एक. पुढच्या मंगळवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी कमलचं लग्न लागणार होतं आणि त्या वेळी कमलची आई उपड्या पातेल्यांच्या शेजारी एका डब्याकडे तोंड करून उभी राहणार होती. दुसऱ्यांदा बघायची सोय नव्हती. दुसरी मुलगी नव्हती, आणि असती तरी तिच्या वेळीही हाच डबा.

तिचं स्वतःचं लग्न माहेरी झालं, बार्शीच्या अलीकडच्या एका खेड्यात. माहेरात ही रीत नव्हती. नलवड्यांची माणसं साखरपुड्यालाच सांगून गेली की आमच्यात पोरीची आय म्होरं येत न्हाय, तेवढं तुमीबी पाळा. मुलीची बाजू म्हणजे पडती बाजू. बापानं मान डोलावली, काकांनी डोलावली, आणि आईला आदल्या दिवशी कळवलं. आई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मग मी कुटं जाऊ?" हा प्रश्न वच्छलानं माजघरातून ऐकला होता, हळदीच्या अंगानं, आणि तेव्हा तिला त्याचा राग आला होता. आपल्या लग्नात ही बाई आपलं काय घेऊन बसलीये, असं वाटलं होतं. सतरा वर्षांची पोर, तिला दुसऱ्याचं दुःख दिसत नाही. लग्नाची तिला आठवण म्हणाल तर फार थोडी. अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक, खांद्यावरचा मामाचा घामेजलेला हात, कपाळावर बसणारे तांदळाचे टणक दाणे, आणि खाली घातलेल्या मानेतून दिसणारी स्वतःची पावलं. बस. मग पुढं संसार, कमल, डी.एड., नगरपालिकेच्या शाळेतली नोकरी, आणि नऊ वर्षांपूर्वी आई आजारी पडून सोलापुरात दवाखान्यात आली. शेवटच्या आठवड्यात आई बरंच असंबद्ध बोलायची. पण एका सकाळी अगदी शुद्धीवर येऊन तिनं विचारलं, "तू तवा हसलीस का गं?" वच्छला म्हणाली, "कधी?" "माळ घालताना." आणि वच्छलाला सांगता येईना. ती हसली होती का? मान वर केली होती का? कशी दिसत होती? तिला आठवत नव्हतं, फोटो काढणारा त्या खेड्यात कुठला, आणि जोतीरामला विचारावं तर त्याला स्वतःच्या फेट्यापलीकडं काही आठवत नसे. मांडवात चारशे माणूस होतं, पण तिला डोळ्यांत भरून घ्यावं म्हणून आलेलं एकच माणूस होतं आणि ते गोठ्यामागं उभं होतं. "हसले की," वच्छला खोटं बोलली. "मला वाटलंच," आई म्हणाली, आणि तिनं समाधानानं डोळे मिटले. त्या खोट्याचं वच्छलाला इतकी वर्षं काही वाटलं नव्हतं. आता रिक्षात तिला तेच आठवलं. आईनं पंधरासोळा वर्षं तो प्रश्न जपून ठेवला असणार, आणि लेकीनं तिच्या हातावर खोटं नाणं ठेवून तिला वाटेला लावलं होतं.

मग तिनं विचारायला सुरुवात केली. मास्तरीण ती, "का?" हा शब्द वर्गात दिवसाला पन्नास वेळा उच्चारायची, पण घरात त्याला बंदी असल्यासारखीच होती. जोतीराम म्हणाला, "शास्त्र आहे." "कुठल्या शास्त्रात?" तर म्हणाला, "चौथीच्या पोरांना विचारतेस तसं मला विचारू नकोस." भटजी याद्या करायला आले तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, त्या घटकेला आईच्या डोळ्यांत पाणी येतं. मंगलकार्यात अश्रू नकोत." वच्छला म्हणाली, "आणि बापाच्या डोळ्यांत?" भटजींनी हसून पान लावायला घेतलं. सासूबाई बजाबाई यांचं मत सगळ्यात पक्कं. "आयची नजर पयली लागती. येवढा साज केल्याली पोर बगितल्यावर जीव सुटतो, आन् नजर लागती." शाळेत मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गाच्या चन्नम्माबाईंजवळ ती बोलली, तर त्यांनी डब्यातली कडक भाकरी मोडता मोडता म्हटलं, "आमच्यात तर आईच सगळ्यात पुढं. आमची नजर लागत न्हाई काय?" वच्छलाला हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली. हसताना आपण कुठल्या तरी बाजूला चाललोय हे तिला कळलं. तीन माणसांची तीन कारणं, म्हणजे कारण कुणालाच ठाऊक नाही. वर्गात असं झालं असतं तर तिनं तिघांनाही बाकावर उभं केलं असतं.

सगळ्यांत टोचली ती कमल. कमल बी.ए. झालेली, टायपिंगच्या परीक्षा दिलेली, स्वतः मुलगा बघून पसंत केलेली. वच्छलाला वाटलं होतं, ही तरी म्हणेल. साडीला फॉल लावता लावता तिनं विषय काढला. कमल सुईत दोरा ओवत होती. तिनं वरही पाहिलं नाही. "आई, पाच मिनिटांसाठी कशाला गं तमाशा? त्यांच्याकडची माणसं काय म्हणतील? आणि फोटो असणारच आहेत की. नंतर निवांत बघ." वच्छलानं फॉलचा पुढचा टाका घातला. पोरीचं चुकलं असं तरी कसं म्हणणार? अशीच एक पोर पंचवीस वर्षांपूर्वी हळदीच्या अंगानं माजघरात बसली होती आणि तिलाही आईचा राग आला होता. फोटोत बघ. फोटोत सगळे जण सारखेच दिसतात, सावध. फोटोवाला "हं, इकडं" म्हणतो आणि माणसं इकडं बघतात. तिला ते बघायचं नव्हतं. कुणी बघत नाही असं वाटताना पोरीच्या चेहऱ्यावर काय येतं ते बघायचं होतं. बावीस वर्षं तेच तर बघत आली होती ती, तापात, अभ्यासात, झोपेत, रुसव्यात. आणि नेमकं जिथून पुढं पोर दुसऱ्याची म्हणायची, तिथंच भिंत. तिनं ठरवलं की सोडून द्यावं. एक दिवस सोडूनही दिलं. भांडी घासून घेतली, रुखवतातले रव्याचे लाडू वळले, शेजारणीला हसून सांगितलं की हो, आमच्यात असंच असतं. सांगताना तोंडात चुन्याची चव आली.

लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा करमाळ्याकडच्या गावाहून दगडाआक्का आल्या. दगडाआक्का म्हणजे जोतीरामची चुलत आत्या, बजाबाईंची थोरली नणंद, वय पंच्याऐंशीच्या पुढं, पाठ वाकलेली पण जीभ सरळ. घरात त्यांना मान होता तो जुन्या घड्याळाला असतो तसा. वेळ कुणी त्यात बघत नव्हतं. दुपारी हळद दळायला जातं मांडलं. सवाष्णींनी पाच पाच फेरे ओढले, गाणी म्हटली, आणि चहाला उठल्या. राहिली वच्छला, आणि भिंतीला टेकून दगडाआक्का. जात्याची घरघर चालू होती. हळदीची धूळ डोळ्यांत जात होती, त्यामुळं डोळ्यांतलं पाणी पुसायची गरज नव्हती. वच्छलानं विचारलं, खरं तर उत्तराची आशा न धरता विचारलं, "आक्का, नलवड्यांत मुलीच्या आईनं लग्न बघायचं नाही, ते कधीपासून?"

"कदीपासनं म्हंजे?" दगडाआक्का म्हणाल्या. "माज्यापासनं."

वच्छलाचा हात खुंट्यावर थांबला.

"पलेगाच्या फुडल्या साली," दगडाआक्का म्हणाल्या, काल परवाची गोष्ट सांगावी तशा. "मी नऊ वर्साची. बगाय आले तवा पुतण्या दावला, गोरागोमटा. लग्नाला आला चुलता. पन्नाशीचा बाप्या, दोन बायका करून झाल्याला. मुंडाशाला ह्ये मोटं बाशिंग, तोंड दिसतंय कुटं? पुरुषमान्सांस्नी ठावं हुतं का न्हवतं ते मला न्हाय सांगता यायचं. पर माजी आय मायाक्का अंतरपाटाच्या अंगालाच हुबी हुती. तवा सगळ्यांच्या आया तितंच हुब्या ऱ्हायच्या. तिनं त्येचं हात बगितलं. तोंड झाकलं, हात कुटं झाकतील? शिरा वर आल्याल्या, बोटं वाकडी. आयनं अंतरपाट वढला बामनाच्या हातनं, मला काखंत मारलं आन् घरात येऊन आतनं कडी घातली. लग्न मोडलं. दोन दिस वऱ्हाड चावडीत बसून ऱ्हायलं, मग गेलं." त्या थांबल्या, दात नसलेलं तोंड हलवत राहिल्या. "लई आब्रू गेली म्हनं. मग भावकी बसली. ठरिवलं, हितनं फुडं पोरीच्या आयला म्होरं घ्यायचं न्हाय. फुडल्या साली माजं लग्न लावलं, चांगल्या जाग्याला दिली, पर आयला गोठ्यात कोंडली. भायेरनं कडी. वरडंल म्हून दारात दोन बाया बसीवल्या."

"आणि तुळस?" वच्छलानं विचारलं.

"ती मागनं आली. कोंडली म्हनायला लाज वाटाय लागली, मग तुळस मदी घातली. दोन-तीन लग्नं तसं झालं, की झाली रीत. दुसरीकडं कुटं आसंल तर त्येचं मला ठावं न्हाय. आपल्यात ही आशी आली."

"आक्का, मग इतकी वर्षं तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"इचारलं कुनी? नवऱ्याच्या गावात ही रीत न्हवती. मी माज्या दोन्ही पोरींच्या लग्नाला म्होरंच हुते. दोन जावई, दोगांचं हात बगून घेतलं," असं म्हणून दगडाआक्का हसल्या आणि त्यांनी जात्यात मूठभर हळकुंडं टाकली.

मागं दारात बजाबाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. हातातल्या ताटात चहाचे कप होते. "आक्काचं डोस्कं गेलंय," त्या म्हणाल्या. "म्हातारी काय बी बरळती आन् तू ऐकून घेतीस." वच्छला उठली. तिच्या दोन्ही तळव्यांना हळद होती. "आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "मी मंगळवारी समोर उभी राहणार." हे वाक्य तिनं ठरवून म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर तिला कळलं की आता ते मागं घेता येणार नाही. बजाबाईंनी ताट खाली ठेवलं, आदळलं नाही, हळूच ठेवलं, आणि एकदम त्यांच्या तोंडाची रयाच गेली. "मी तिघींच्या टायमाला मागं बसले," त्या म्हणाल्या. "धाकटीच्या येळंला तर मला ताप हुता, तरी कळशी घिऊन हुबी ऱ्हायले. एकदा सुदीक वळून बगितलं न्हाय. आन् आक्का म्हनती ती रीतच न्हवं. मग मी काय येडी हुते?" त्या रागावून बोलल्या असत्या तर वच्छलाजवळ दहा उत्तरं तयार होती. पण समोर एक सत्तरीची बाई उभी होती आणि तिची तीन लग्नं बघायची राहून गेली होती, आणि ती राहून गेली नाहीत, आपण ती सोडली, एवढाच तिच्याजवळचा आधार होता. तो वच्छला काढून घेत होती. तिला बजाबाईंच्या पाया पडावंसं वाटलं आणि तरी आपलं वाक्य मागं घ्यावंसं वाटलं नाही.

पुढचे तीन दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. जोतीराम कोपऱ्यात घेऊन समजावत राहिला. आधी गोडीनं, मग हेडक्लार्कच्या आवाजात. "समज, तू उभी राहिलीस आणि उद्या पोरीला काही झालं, पडलीबिडली, आजारी पडली, तर जन्मभर ऐकून घेशील तू?" हे मात्र लागलं. हे तिच्याही मनात होतंच, खाली, गाळात. ती शिकलेली होती, पोरांना ग्रहण कसं लागतं ते चेंडू घेऊन शिकवत होती, पण कमलच्या नावापुढं "समज" हा शब्द आला की तिचं शिक्षण पातळ व्हायचं. भाजी चिरताना, पत्रिका वाटताना, शाळेत रजेचा अर्ज देताना ती त्या "समज"शी झगडत होती. आणि प्रत्येक वेळी तिला ती मायाक्का दिसायची, जिला तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्या बाईला कुणी काय काय "समज" म्हटलं असेल! वऱ्हाड दारात, भावकी जमलेली, नवऱ्याची मान खाली, आणि हिच्या काखेत नऊ वर्षांची पोर. तिनं पाहिलं म्हणून पोर वाचली. ज्या नजरेनं पोर वाचली तिलाच वाईट ठरवून गोठ्यात घातलं, आणि नंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षं नलवड्यांच्या बायका हातात पाणी घेऊन त्या गोठ्यात आपल्या पायांनी जात राहिल्या. हा विचार आला की भीतीच्या जागी संताप यायचा. संताप बरा होता. त्यात पाय स्थिर राहायचे.

मंगळवारी मात्र ती त्या खोलीत गेली. का गेली हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. सकाळपासून सीमंतपूजन, रुखवत, विहिणींचे मान, बार्शीहून आलेल्या मुलाकडच्या दीडशे माणसांचा चहा, यात तिचं स्वतःचं असं काही उरलंच नव्हतं. बारा वाजून गेले, सनईची रेकॉर्ड बदलली, आणि बजाबाईंनी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. त्यांचे डोळे सांगत होते की तुझ्यावर सोडते. वच्छला मुकाट्यानं चालत गेली आणि तिच्या मागं दार लागलं. कडी नव्हती त्याला, नुसतं फुगलेलं लाकूड चौकटीत घट्ट बसलं. आत दुपार असून संध्याकाळसारखा उजेड. तुळशीला आज कुणी तरी हळदकुंकू वाहिलं होतं. बाहेर गलका थांबला, भटजींनी माइकवर दोनदा फुंकर मारली, आणि पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. कल्लप्पानं सांगितलं होतं ते खरं होतं, बरोबर ऐकू येत होतं. वच्छला आवाजाच्या बाजूच्या भिंतीशी सरकली आणि तिला तो डाग दिसला. बाईमाणसाच्या डोक्याच्या उंचीवर चुन्यावर एक काळपट, तेलकट डाग होता, ताटाएवढा. त्याच्या आजूबाजूला हळदीची बोटं उमटली होती. काही जुनी, फिकी, काही या हंगामातली. क्षणभर तिला उमगलं नाही. मग उमगलं. या खोलीत आलेली प्रत्येक बाई इथं भिंतीला डोकं लावून, कान लावून उभी राहिली होती. केसांचं तेल भिंतीला लागलं होतं. त्यांतली एकही तुळशीकडं बघत नव्हती.

वच्छलानं तांब्या खाली ठेवला. दार ओढलं, ते निघेना, मग पाय लावून ओढलं. बाहेर दुसरं मंगलाष्टक संपून तांदळाचा सडा पडत होता. बायकांच्या गर्दीतून ती वाट काढत निघाली. कुणी तिच्या पदराला धरलं, कुणी "अगं, अगं" म्हटलं, तिनं कुणाकडं पाहिलं नाही. तिचे पाय शाळेच्या व्हरांड्यात पडावेत तसे नेमके पडत होते. बोहल्याच्या बाजूला, जिथून अंतरपाटाची दोन्ही अंगं दिसतात तिथं, ती जाऊन उभी राहिली. भटजींनी तिसरं मंगलाष्टक उचललं होतं ते ओळीच्या मध्येच थांबलं. लाउडस्पीकर नुसता घूं करत राहिला. सगळं दालन तिच्याकडं बघत होतं. जोतीराम पलीकडून हातानं "मागं हो, मागं हो" करत होता. बजाबाई खांबाला धरून उभ्या होत्या. आणि कमलनं मान वर केली होती. तिच्या डोळ्यांत भीती होती. मुलगा पसंत नसला तर आई असं करेल, दुसऱ्या कशासाठी करेल, असं त्या डोळ्यांत होतं. ते बघूनही वच्छला हलली नाही.

नवऱ्यामुलाचे वडील आबासाहेब पुढं झाले. बार्शीच्या बाजारातला भुसार मालाचा व्यापारी, आवाज भारी पण रीतभात जाणणारा. "विहीणबाई," ते हळू म्हणाले, "काय आडचण हाय का? आमच्या पोरात काय कमी दिसलं का?"

"नाही," वच्छला म्हणाली. माइक जवळच होता, तिचा आवाज सगळ्या दालनात गेला. "मुलगा पसंत आहे. लग्न मोडायला नाही आले मी. बघायला आलेय. मी मुलीची आई आहे."

हे वाक्य इतकं साधं होतं की त्याला उत्तर कुठून द्यायचं ते कुणाला सुचेना. आबासाहेबांनी एकदा जोतीरामकडं पाहिलं, एकदा आपल्या बायकोकडं पाहिलं, आणि ते बाजूला सरले. पुढच्या खुर्चीवरून दगडाआक्कांचा आवाज आला, "म्हना की भटजी फुडं. मुहूर्त काय तुमच्यासाटनं थांबतोय व्हय?" दोनचार जण हसले. भटजींनी घसा खाकरला आणि तिसरं मंगलाष्टक पहिल्या ओळीपासून सुरू केलं.

वच्छला बघत होती. लोकांनी तांदूळ टाकले, तिच्या मुठीतले तसेच राहिले, घामानं ओले. तिला वाटलं होतं की रडू येईल, भटजी म्हणाले तसं. ते आलं नाही. तिचे डोळे कोरडे आणि लख्ख उघडे होते. कमलच्या डाव्या भुवईत मुंडावळीचा एक मणी अडकला होता. गॅदरिंगमध्ये गोष्ट सांगायला उभी केली की व्हायचे तसे तिचे कान लाल झाले होते. नथ तिला जड होत होती, ती वरचा ओठ जरासा उचलून धरत होती. शेवटची ओळ झाली, "सावधान" झालं, अंतरपाट उत्तरेकडं ओढला गेला, बँड एकदम फुटल्यासारखा वाजू लागला. मुलगा उंच, कमलचे हात पोहोचेनात. त्याला उचलायला त्याचे मित्र धावले तर त्यानं त्यांना कोपरानं ढकललं आणि स्वतःच मान वाकवली. कमलनं माळ घातली. ती हसली नाही. तिनं मोठा श्वास सोडला, लहानपणी कडू औषध पिऊन झाल्यावर सोडायची तसा, आणि मग तिची नजर वळली ती सरळ बाजूला, आईवर. आता तिच्यात भीती नव्हती. रुसवा होता थोडा, लाज होती, आणि खाली आणखी काही होतं, ते वच्छलाला वाचायचं होतं.

माणसं पुढं झाली, पेढे फिरू लागले, फोटोवाला "हं, इकडं, इकडं" म्हणू लागला. जोतीराम गर्दीतून तिच्या कोपराशी आला. त्याच्या फेट्याचा शेमला घामानं खांद्याला चिकटला होता. "झालं ना तुझ्या मनासारखं?" तो दातांवर दात ठेवून म्हणाला. "चार माणसांत शोभा झाली. आता तरी चल मागं."

"थांबा," वच्छला म्हणाली. तिनं त्याच्याकडं मान वळवली नाही. "अजून बघतेय."